पाठवणी

ज्यांच्या हापिसात दर वर्षी 'गोल्स' भरायचा फॉर्म येतो, त्यांना ध्येय कसं असावं हे वेगळं सांगायला नको. मोजता येणारं हवं, मुदतीचं हवं, आणि मुख्य म्हणजे आपल्या हातातलं हवं. 'कंपनीच्या शेअरचा भाव वर नेणे' असं आपल्यापैकी कोणी त्या फॉर्मात लिहीत नाही. लिहिलं तर मॅनेजर चहा पाजेल आणि विचारेल, बरं वाटतंय ना?

पण हीच शहाणी मंडळी १ जानेवारीला डायरीत काय लिहितात? 'यंदा मोठ्या दिवाळी अंकात कथा आली पाहिजे.' 'यंदा कवितासंग्रह.' कोणी अगदीच जिद्दी असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार. तो २०११ पासून देतात आणि पस्तिशीपर्यंतच्या लेखकांनाच देतात, म्हणजे वय वाढतंय हे टेन्शन वर फुकट. आता यातलं आपल्या हातात काय आहे? संपादकाची आवड, त्याच्याकडे उरलेली पानं, प्रकाशकाचा खिसा, परीक्षकांचं मत. सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर. आपण फक्त रिक्वेस्ट पाठवू शकतो. रिस्पॉन्स काय यावा हे आपण ठरवत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यानं वर्षाकाठी एकच आकडा मोजावा: लिहिलेलं किती वेळा घराबाहेर पाठवलं. शब्द, पानं, लाईक, कौतुक, काही नाही. पाठवलं की एक. परत आलं तरी तो एक पुसायचा नाही. माझ्या एक्सेल शीटमधे या रकान्याचं नाव आहे 'पाठवणी'. लग्नातल्या पाठवणीसारखंच आहे ते. वाढवायचं आपण, नटवायचं आपण आणि एक दिवस दुसऱ्याच्या घरी धाडायचं. तिकडे कसं होईल याची काळजी वाटते म्हणून कोणी मुलीला मांडवातच बसवून ठेवत नाही.

लिहिण्यापेक्षा पाठवणं अवघड का जातं, याचं उत्तर मराठीत दोन शब्दांत आहे. साभार परत.

आज विशीत असलेल्यांनी कदाचित ही भानगड पाहिलेली नसेल. जुन्या मासिकांत बारीक टायपात एक सूचना असायची. साहित्य कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावं. सोबत पुरेशी तिकिटं लावलेला, स्वतःचा पत्ता घातलेला लिफाफा जोडावा. तो नसेल तर नापसंत साहित्य परत मिळणार नाही. म्हणजे बघा, नकार ज्यातून येणार तो लिफाफा विकत आपणच घ्यायचा, त्यावर पत्ता आपणच घालायचा आणि तिकीटही आपणच चिकटवायचं. पोस्टमनच्या हातात आपलंच अक्षर दिसलं की लिफाफा उघडायच्या आधीच निकाल कळायचा!

पण त्या पद्धतीत एक माणुसकी होती. निकाल यायचा. आता ईमेलच्या जमान्यात लिफाफा गेला आणि बऱ्याच वेळा त्याच्याबरोबर उत्तरही गेलं. आपण युनिकोडमधे टाइप करून फाईल जोडतो, 'कळावे' म्हणतो आणि मग काहीच कळत नाही. नवा लिहिणारा खचतो तो नकारामुळे नाही, या शांततेमुळे खचतो. नकार आला तर चिडता तरी येतं. शांततेत माणूस मनातल्या मनात संपादकाच्या वतीनं स्वतःलाच पत्र लिहितो, आणि ते पत्र कुठलाही संपादक लिहिणार नाही इतकं वाईट असतं.

यावर उपाय आपल्या धंद्यातच आहे. टाइमआउट. सर्व्हर उत्तर देत नसेल तर प्रोग्राम रडत बसत नाही. ठरलेला वेळ थांबतो, एकदा पुन्हा विचारतो आणि पुढे जातो. माझा टाइमआउट तीन महिन्यांचा आहे. मग दोन ओळींचं नम्र स्मरणपत्र. त्यानंतर पंधरा दिवसांत काही आलं नाही तर 'हा लेख मी अन्यत्र पाठवत आहे' असं कळवायचं आणि खरंच पाठवायचं. एकच लेख एकाच वेळी दोन अंकांना मात्र पाठवायचा नाही. संपादक आपला शब्द धरून पानं लावतो, आणि ऐन सप्टेंबरात तेच लिखाण दुसऱ्या अंकात दिसलं तर त्याचा जो जळफळाट होतो तो रास्त असतो.

आता मुदतीचं बोलू. आपल्याला मुदत शोधायला लांब जावं लागत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून त्याचं नाव घेतात. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं झाली. मासिकं आली आणि बंद पडली, छपाई खिळ्यांवरून ऑफसेटवर गेली, पण दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की आपल्या भाषेत दर वर्षी एक ठरलेली रिलीज डेट आहे. आणि ती कुणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही. दिवाळी चुकलेला दिवाळी अंक कोण घेणार?

तर हिशेब उलटा मांडायचा. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याआधी छपाई आणि वितरण. त्याआधी मांडणी, मुद्रितशोधन, जाहिराती. म्हणजे साहित्य संपादकाच्या हातात जुलै-ऑगस्टात हवं. साहित्य मागवणारी आवाहनं त्याच्याही आधी फिरायला लागतात. याचा सरळ अर्थ, मे अखेर पहिला खर्डा, जूनमधे दुसरा, आणि पाऊस स्थिरावला की पाठवणी. गणपतीत सुचलेली कथा यंदाच्या दिवाळीसाठी नसते. ती पुढच्या वर्षाची. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की निम्मी घाई कमी होते.

आणि कुठे पाठवायचं हे ठरवण्याआधी तो अंक वाचावा. हे सांगायला विचित्र वाटतं, पण कधीही न वाचलेल्या अंकाला लेख पाठवणारे भरपूर आहेत. सगळे अंक विकत घेणं परवडत नाहीच. त्यासाठी वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना असतात. ठरावीक वर्गणी भरा, आळीपाळीनं सगळे न्या. आमच्या खाडीपलीकडे कल्याणला सार्वजनिक वाचनालय आहे, १८६४ सालचं. दीडशेपेक्षा जास्त वर्षं ज्या गावात लोक वाचताहेत, तिथे 'हल्ली कोण वाचतं' हे वाक्य मला तरी शोभत नाही.

'खाडीपलीकडे' म्हणालो, म्हणजे कुठे राहतो हे सांगणं आलं. मी कोनला राहतो. हे फोनवर सांगितलं की हमखास पुढचा प्रश्न येतो, "कोणाकडे?" मग सांगावं लागतं की कोन हे गाव आहे. भिवंडीहून कल्याणकडे येताना दुर्गाडीच्या पुलाआधी लागतं ते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात कोनगाव नावाचं स्टेशन आहे, पण मराठी कथा-कादंबऱ्यांच्या नकाशात हे स्टेशन मला अजून सापडलेलं नाही. पुण्यातल्या पेठा आहेत, गिरगाव आहे, लालबाग-परळ आहे. कोन नाही.

या गावाचा उल्लेख उगाच केलेला नाही. लिखाण पाठवण्याबद्दल मला जे कळलंय त्यातलं बरंचसं लूमवाल्यांकडून कळलंय. आमच्या बाजूला लूमची खटखट रात्रंदिवस चालते. कारागिराला पैसे मिळतात ते मीटरवर. आज मूड होता का, प्रेरणा होती का, असं त्याला कोणी विचारत नाही. ताका लूमवरून उतरतो, फोल्डिंगला जातो, तिथे डोळ्यांखालून जातो, खोट निघाली तर ती तिथेच दिसते. पण मुळात ताका उतरला तर! बीमवर गुंडाळलेलं सूत कितीही उत्तम असो, ते कापड नव्हे. आपल्यातल्या अनेकांच्या लॅपटॉपवर असं उत्तम सूत वर्षानुवर्षं बीमवरच आहे. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच', अशा नावांच्या फाईली.

फोल्डिंगवाल्याची नजर हाच पाठवण्याचा खरा फायदा आहे. मित्र वाचतात आणि 'मस्त रे' म्हणतात, पण मित्र खोट काढत नाही. संपादक काढतो. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याबद्दल जुने लेखक अजून बोलतात-लिहितात ते याचसाठी. कथा परत यायची ती शेऱ्यांसकट. हे पात्र इथे का आलं, हा शेवट आधीच कळतो, पुन्हा लिहून बघा. हापिसात आपण याला कोड रिव्ह्यू म्हणतो. रिव्ह्यूमधे वीस कमेंट आल्या म्हणून कोणी राजीनामा देत नाही, दुरुस्त करून पुन्हा टाकतो. मग कथेच्या बाबतीतच आपण एवढे हळवे का होतो? कारण कोड कंपनीचा असतो आणि कथा आपली. कबूल. पण रिव्ह्यू दोन्हीचा होतो तो लिखाणाचा, आपला नाही.

आता कोणी म्हणेल, संपादकांची मक्तेदारी असते, विशिष्ट वर्तुळातल्यांनाच जागा मिळते. असतं ना तसंही. १९६९ साली काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची चक्क होळी केली होती. पण त्या पिढीतली मंडळी नुसती चिडून गप्प बसली नाहीत. 'असो', 'फक्त', 'येरू' अशी अनियतकालिकं त्या वर्षांत निघाली, काही तर सायक्लोस्टाइल करून वाटलेली. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून (आताचं छत्रपती संभाजीनगर) 'अस्मितादर्श' चालवलं आणि ज्यांना इतरत्र दार उघडत नव्हतं अशा दलित लेखकांची एक फळीच्या फळी त्यातून उभी राहिली. दार उघडलं नाही तर दुसरं बांधलं. पण लिखाण घरात ठेवलं नाही. पाठवणी झालीच.

अजून एक दंतकथा आपल्याला नडते. नेमाड्यांनी पंचविशीत गावी बसून काही आठवड्यांत 'कोसला' लिहिली आणि १९६३ साली ती छापून आलीसुद्धा. हे खरं आहे. पण त्याचा आपण काढलेला अर्थ असा की खरं लेखन असंच होतं, खोलीत कोंडून, एका झपाट्यात. मग आपण त्या सुट्टीची वाट बघत राहतो. मंडळी, ती सुट्टी मंजूर होणार नाहीये. आपल्याकडे आहे ती कोन ते कल्याण स्टेशन शेअर रिक्षा, मग लोकल, आणि शनिवारची सकाळ. गर्दीत मोबाईलवर दोनशे शब्द होतात. मी पाहिलंय, आठवड्याला चार दिवस दोनशे म्हटले तर महिन्यात एका लेखाचा कच्चा माल जमतो. विकांताला तो फक्त विणायचा. वर्षाला बारा पाठवण्या हा आकडा मी याच हिशेबातून काढला. फार नाही, पण रिकामा महिना राहत नाही.

गेल्या वर्षीचा जमाखर्च सांगतो. पाठवण्या १४, कारण परत आलेले लेख पुन्हा रवाना केले. स्वीकार ३. साभार परत ५. उत्तरच नाही ६. मानधन म्हणाल तर एका अंकाकडून मिळालं, बाकी दोघांनी अंक पाठवला. हा पैशाचा धंदा नाही हे आयटीवाल्याला सांगायला नको. पण हाच तक्ता 'स्वीकार' या रकान्यावरून वाचला तर १४ पैकी ३, नापास. आणि 'पाठवणी'वरून वाचला तर बारापैकी चौदा, डिस्टिंक्शन! तक्ता तोच आहे. पुढच्या महिन्यात टेबलाशी बसावंसं वाटेल की नाही हे मात्र कुठला रकाना मोजला यावर ठरतं.

हे सगळं कशासाठी? नाव छापून आलेलं बघायला? तेही आहेच, नाकारत नाही. आईनं शेजाऱ्यांना दाखवायला अंक मागितला की जो आनंद होतो तो कुठल्याही अप्रेजलमधे नाही. पण माझ्यासाठी खरी गोष्ट वेगळी आहे.

आमच्या इथल्या आगरी लग्नांत धवलारीण असते. लग्नातले विधी ती गाण्यांतून लावते. त्या गाण्यांना धवळे म्हणतात. आता हळदीला डीजे असतो, एवढा मोठा की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. त्या आवाजातही काही घरी धवलारणीला मान देऊन बोलावतात, पण गाणी पाठ असणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्यात. आमच्या मागच्या आळीत अशा एक आजी आहेत. त्यांना जवळजवळ सगळं लग्न तोंडपाठ येतं. लिहिता एक अक्षर येत नाही. त्यांच्यावर मी एक लेख लिहिलाय.

या धवळ्यांचं मराठीत मूळ किती खोल आहे बघा. महदंबा ही आपली आद्य कवयित्री मानली जाते. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिची जी रचना प्रसिद्ध आहे तिचं नावच 'धवळे'. ती आपल्यापर्यंत आली कारण पंथातल्या लोकांनी ती लिहून ठेवली, नकलून ठेवली. आणि अगदी अलीकडचं उदाहरण बहिणाबाईंचं. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओव्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपानं आलं. सोपानदेवांना वही दाखवायचा संकोच वाटत राहिला असता तर? ती गाणी तेवढीच थोर असती आणि आपल्यापैकी एकालाही माहीत नसती. थोरपणानं फरक पडला नाही, वही घेऊन जाण्यानं पडला.

माझा धवलारणीचा लेख तीन ठिकाणी जाऊन परत आलाय. एका ठिकाणाहून उत्तर नाही. दुसऱ्या ठिकाणाहून छापील नकार. तिसऱ्या संपादकांनी मात्र एक ओळ लिहिली, आजी लेखात फार उशिरा येतात, सुरुवातीला तुम्हीच तुम्ही आहात. वाचून आधी राग आला. मग लेख उघडून पाहिला तर खरंच, पहिली दोन पानं माझ्याच भावना! ती काढली. आता पहिल्याच वाक्यात आजी गातात. हा लेख पहिल्या फेरीतच छापून आला असता तर ती दोन पानं तशीच छापली गेली असती.

परवा मागच्या आळीतून जात होतो तर आजींनी ओट्यावरूनच हाक मारली, "काय रं पोरा, छापून आयला का नाय?"

"अजून नाही आजी. परत पाठवतोय."

"मंग पाठव बेगीन."

आजींचं वय ऐंशीच्या पुढे आहे. कुठल्याही संपादकाच्या मुदतीपेक्षा ही मुदत मला जास्त खरी वाटते.

तेव्हा, तुमच्याही फाईलीत असं काही पडलं असेल तर ते काढा. फार मोठं काही ठरवू नका. पहिलं पुस्तक, त्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांना अनुदान देणारी योजना, ते सगळं पुढे आहेच, पण पुस्तकासाठी आधी लेख लागतात. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासूनचं. सामाजिक लिहीत असाल तर 'साधना' आहे, १९४८ पासूनचं. एक अंक निवडा, वाचा, त्याचे नियम बघा, फाईलीला धड नाव द्या (फक्त 'लेख' नको, संपादकाकडे तशा शंभर असतात), सोबत तीन ओळींचं पत्र. आपली ओळख दोन पानं नको. लेख अप्रकाशित आहे एवढं नमूद करा. आणि सेंड दाबल्यावर लगेच पुढचा उघडा, कारण वाट बघताना हात रिकामे असतील तर दर तासाला इनबॉक्स उघडला जातो.

माझा यंदाचा तक्ता, जून मध्यापर्यंत: पाठवण्या ७, परत ३, स्वीकार १, वाट बघतोय ३. आठवी पाठवणी आजची. लेख तयार आहे, अंक ठरलाय, पत्रही लिहून झालंय. आज शनिवार, बाहेर पाऊस आहे, आणि लाईट जायच्या आत हे काम उरकलेलं बरं. :)